झुंबरबाईसोबतचा अर्धा तास

पैज लावा, ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. देऊळघाटात माझ्यावर, या इंद्रभानवर, विश्वास ठेवणारी एक म्हैस तेवढी होती. तीही मागच्या साली विकली. तरी ऐकाच...

करोनाच्या दुसऱ्या सालची दिवाळी होऊन गेली होती. लस न घेतलेल्यांना शोधत आरोग्याची माणसं थेट कापसाच्या शेतात, धुऱ्याबांधावर आली. वेचणी टाकून आलेल्या दहा-बारा बायका सुई घेऊन शाळेच्या व्हरांड्यात अर्धा तास बसवलेल्या. तोंडं उतरलेली, कारण ताप आला तर दोन दिवसांची वेचणी बुडणार. त्यांच्यासोबतची अश्विनी तर सुई न घेता अजून खांबाशीच उभी, दंड पदरात गुंडाळून. नवी सिस्टर संजीवनी, मोताळ्याकडची पोरगी, मान खाली घालून नावं लिहीत होती.

मी म्हटलं, "बायांनो, उठू नका. माह्या प्रेमाची गोष्ट सांगतो."

"या वयात, आबा?" अश्विनी म्हणाली.

"याच वयातली. याच सालची, एप्रिलातली."

मोताळ्याला लेकीकडे गेलो होतो. तिनं मला धरून लसीच्या रांगेत उभं केलं. ती वळली, आणि मी पाण्याच्या टाकीमागे! तिथे आधीच एक बाई लपलेली. साठीची, सावळी. टोपलीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या, त्यांचा हिरवा वास. तोंडाला पदर. वर फक्त डोळे... आणि डोळे असे, की माणसानं आपलं गाव विसरावं.

"सुईले भेले काय?" तिनं विचारलं.

"मी? मी तं घेऊन आलो. दुसरा डोस हाये माहा. हवा खाऊन राह्यलो."

"मंग सांगा ना... कशी असते?"

तिचा आवाज लहान झाला होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. 'काही नाही हो, मुंगी चावते तेवढंच,' एवढं म्हणालो असतो तर ती तिथूनच रांगेत गेली असती. पण साधी गोष्ट साधी सांगायची माझ्या जिभेला सवय नाही. त्यात समोर ते डोळे.

"बैल हाकायच्या पराणीएवढी सुई," मी म्हणालो. "पयल्या डोसाले तीन दिवस असा ताप, असा ताप... शेजारणीनं माह्या पाठीवर पापड भाजले."

"अवो माय! अन् तरी दुसरा घेतला?"

"मर्द माणूस हाये."

"हाव, दिसते. मर्दाच्या सदऱ्याची बटनं खालवर लागली." ती हसली, एक जुडी माझ्या हातात ठेवली. ओली बोटं तळहाताला लागली — लागली आणि गेली. तीही गेली. रांगेकडे नाही, मागच्या फाटकातून.

झुंबरबाई तिचं नाव. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. आठवडी बाजार बंद होता, म्हणून सकाळी मोताळ्याच्या फाट्यावर पोतं अंथरून बसायची. मी देऊळघाटाहून लुनावर राजूर घाट उतरायचो. पोलिसानं अडवलं की, "लस घ्याले चाललो, साहेब." अकरा वेळा सांगितलं, एकदाही घेतली नाही. मी घाट उतरायचो, तेव्हा समोरून अँब्युलन्स वर चढत यायची. मी लुना कडेला घ्यायचो, डोळे मिटायचो... आणि पुन्हा निघायचो.

घरी सून म्हणे, "बाबा, बकरी पाळली काय? येवढा सांबार कोणाले?"

झुंबरबाईही विचारायचीच. "रोज येता. सांबाराबिगर घास उतरत नाही वाटते?"

"आवडते मले."

"सांबारच?"

"...सांबारवालीबी."

ती जुड्यांवर पाणी शिंपडत होती. त्यातलं थोडं माझ्या अंगावर उडवलं. मग हात थांबला. "आमच्या गल्लीतले चार जण गेले," ती म्हणाली. "लेक म्हणते, लस घे माय. पण पाठीवर पापड भाजते असा ताप... मले सोसन काय? तुमी मर्द. मी एक मूठ हाडं."

आणि माझ्याकडे पाहत राहिली.

तोच क्षण होता, बायांनो. सांगायचं, की मी खोटा आहे, भित्रा आहे, सुई पाहिलीसुद्धा नाही. पण सांगितलं तर ते डोळे दुसरीकडे वळतील... म्हटलं, उद्या सांगू. उद्या, उद्या करत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी फाट्यावर पोतं नव्हतं. शेजारचा कांदेवाला म्हणाला, खोकला झालाय तिला.

व्हरांड्यात कोणी हलेना.

"मंग?" अश्विनी खांबापासून पुढे आली होती.

मंग काय! तसाच गेलो तिच्या दारी. म्हटलं, झुंबरबाई, मी लबाड माणूस. पाहिजे तं कान धरा. ती हसली, इतकी हसली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. खोकला? साधा, धुळीचा! दोन दिवसांत पळाला. मग मला पुढे घालून तिनं रांगेत नेलं. आधी माझा दंड, मग तिचा. अर्धा तास एका बाकावर बसलो. ऊन खिडकीतून सरकत तिच्या पायांवर आलं. ती हळूच म्हणाली, "आता रोज येता, तं या ना... कायमचेच." आता दोन्ही डोस झालेत तिचे, आणि येत्या पाडव्याले आम्ही...

संजीवनीचा पेन केव्हाच थांबला होता.

"हे खोटं हाये, आबा," ती म्हणाली. "फाट्यावरची झुंबरबाई माही आजी. तिनं सुई घेतलीच नाही. एप्रिल सरता सरता गेली. दाराकडे पाहत राहे सारखी... पण कोणी आलं नाही."