कोपऱ्यातला बाइंडर

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत आली, जरा लवकरच सरळ झाली आणि तिचं डोकं शटरवर आपटलं. त्या आवाजासरशी भिंगमास्तर प्रेमात पडले. जुने कॅमेरे दुरुस्त करता करता चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एवढा मुहूर्त पुष्कळ झाला.

ती ग्रंथपाल. निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचं एन्लार्जर मामांच्या मागे तिच्याकडे आलं होतं. लेन्सला मात्र बुरशी. नवी पारखायला तिनं वाचनालयाच्या ग्रुप फोटोची निगेटिव्ह आणली होती. मधली माणसं कुठलीही लेन्स साफ दाखवते. कस लागतो तो कोपऱ्यात.

मास्तरांनी एक लेन्स लावली. कोपरा पुसट. पुढच्या शनिवारी दुसरी... तीही पुसट. धड लेन्स त्यांनी रुमालात गुंडाळून खणात ठेवली होती, त्याला कोपरा तरी काय करणार?

"एक तरी बरी लेन्स आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे ना... पण ती माणूस पारखून द्यावी लागते."

"मग पारखा की," ती हसली. मास्तरांचा आठवडा त्यावर निघाला.

चौथ्या शनिवारी डार्करूमच्या लाल उजेडात तिनं सांगून टाकलं. कोपऱ्यात उभा आहे तो वाचनालयाचा बाइंडर. त्यानं पत्रातून लग्नाचं विचारलं होतं. लिहिलं होतं की, फोटोच्या वेळी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, मी तुमच्याकडे.

"थाप असेल तर नाही म्हणणार," ती म्हणाली. "खरं असेल तर— उद्या होकार कळवायचाय."

पत्रात कुठलाही पुरुष इतकं खरं लिहीत नाही, हा मास्तरांचा स्वानुभव. त्या भरवशावर त्यांनी खण उघडला.

लेन्स बसली. मास्तर भिंगातून कोपऱ्यात डोकावले. बाइंडरची बुबुळं सरळ फोटोतल्या तिच्याकडे. फोकसची चकती बोटाखालीच होती. केसभर फिरवली की बाइंडर पुन्हा धुक्यात. त्यांनी फिरवलीसुद्धा.

"दिसतंय का काही?" तिनं हळूच विचारलं. त्या आवाजात सगळा जीव गोळा झालेला. मास्तरांनी चकती निमूट जागेवर आणली.

ट्रेमधल्या कागदावर बाइंडर सावकाश उमटला. ती बघत राहिली, मग तिनं मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकलं. आनंदानं. खांद्यानं कारण विचारलं नाही.

"लेन्स बांधून देऊ?"

"राहू दे. आता बघायचं काय उरलंय?"

ती निघाली. मास्तर कान देऊन बसले. पण चार शनिवारांत तिला शटरखालून नेमकं वाकायला यायला लागलं होतं. आवाज आलाच नाही.