दुधाच्या टाकीतलं उत्तर

मोबाईल ठेवा रे खाली. आणि तू, हसणार असशील तर आत जाऊन झोप. हे माझ्या साडूंच्या बाबतीत घडलंय. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. एकदाच बोलले... तेच सांगतोय.

साडू दूध डेअरीत कामाला. तिथे रेल्वेने दुधाच्या टाक्या येतात, अख्ख्या डब्याएवढ्या लांब. आधी वरचं झाकण उघडायचं, म्हणजे हवा आत जाते. मग खाली पाइप जोडून पंपाने दूध ओढायचं. टाकी रिकामी झाली की एक माणूस झाकणातून आत उतरून ती घासतो. तो बाहेर आला की झाकण आवळायचं आणि वाफ सोडायची. पण त्याआधी झाकणावर पान्याने तीनदा ठोकायचं. आत कोणी राहिलं असेल तर तो एकदा ठोकून उत्तर देतो.

घासणारा गडी एवढासा, म्हणून सगळे त्याला उंदीर म्हणायचे. साडूंचा जिवाभावाचा दोस्त. एका रात्री विसरलेला ब्रश आणायला तो पुन्हा आत उतरला. रिकाम्या टाक्या न्यायला इंजिन शिट्ट्या मारत होतं, साडूंना घाई झाली. ठोकलंच नाही. झाकण आवळलं, वाफ सोडली. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?

त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, "भावजी, ठोकलं होतं ना तुम्ही?"

"ठोकलं होतं, वहिनी."

झालं. चूक मेलेल्याच्या माथी गेली. ते खोटं मात्र साडूंना आतून खात राहिलं.

तेव्हापासून साडू दिसेल त्या झाकणावर ठोकायचे. भरलेल्या टाकीच्यासुद्धा. पोरं चिडवायची, "काका, दूध झोपलंय, उठवू नका!"

गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्री दोनचा सुमार. भरलेली टाकी लागली होती. साडू वर चढले. सील तोडलं. सवयीने तीनदा ठोकलं.

आतून... एकदा.

साडू थांबले. पंप बंद. इंजिन केव्हाच गेलेलं. पुन्हा ठोकलं.

एकदा.

बोल्ट सोडले. झाकण उचललं. काठोकाठ दूध. साधा तरंगही नाही...

"मी ठोकलं नव्हतं रे," साडू म्हणाले.

...

काही नाही.

उजाडताच ते वहिनींच्या दारात. सगळं सांगितलं. ढसाढसा रडले. वहिनी चहाचं भांडं विसळत होत्या, विसळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत होतं मला. ठोकलं असतं, तर ह्यांनी उत्तर दिलं असतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

भास झाला असेल, असं तुमच्यासारखंच मीही साडूंना म्हणालो. ते उठले. मला यार्डात घेऊन गेले. त्या रात्रीची टाकी अजून तिथेच उभी होती. वर चढून मी झाकणावर हात फिरवला. जाड पोलाद. गार. आणि मधोमध एक टेंगूळ... मुठीएवढं.

आतून बाहेर आलेलं.