सत्तावीस नंबरची चावी

लिफ्ट बंद पडली ती नेमकी जेवणं आटोपायच्या वेळेला. मेकॅनिक करी रोडहून निघालो, निघालो म्हणत तासभर झाला तरी पोचला नव्हता. टॉवरच्या खालच्या लॉबीत गुळगुळीत दगडी बाकड्यावर धोंडूमामा बसले होते. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले आणि घर एकोणिसाव्या माळ्यावर. त्यांच्याभोवती क्लासवरून आलेली अक्षदा, तिचा भाऊ निलेश आणि बिल्डिंगमधलीच आणखी तीन-चार पोरं.

"आम्ही जिन्याने जातो मामा," निलेश म्हणाला. "किती वेळ बसायचं?"

"जा की. फक्त दुसऱ्या माळ्यावर थांबू नका."

"दुसऱ्यावर तर पार्किंग आहे."

"म्हणूनच सांगतो."

झालं. उठलेली पोरं परत बसली.

"मामा, रात्रीचं काहीतरी सांगून घाबरवू नका हं," अक्षदा म्हणाली, आणि सरकून जवळ आली.

"घाबरवायला मी काय सिरियल काढतोय? आपल्या रुपालीवहिनीची गोष्ट आहे. विनीतची बायको, आमच्या शेजारची. जिला गेल्या वर्षापासून रात्री नऊनंतर लिफ्टमध्ये कुणी बघितलेलं नाही, ती."

मग मामांनी सांगितलं ते असं.

हा टॉवर उभा आहे तिथे चाळ होती. तीन मजली, एकशे बारा खोल्या. दुसऱ्या माळ्यावर सव्वीस नंबरात रुपाली, आणि सत्तावीसमध्ये लक्ष्मीमावशी. मावशीचा नवरा गिरणीत होता. गिरणी गेली, मागोमाग तो गेला. मावशी ब्युरोमार्फत पेशंट सांभाळायला जायची. दादरला एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडे सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी. परत यायची ती चालत. नऊ वाजून दहा मिनिटं झाली की जिन्यावर तिच्या चपला वाजायच्या. चटक, चटक. आणि मग गॅलरीत डेटॉलचा वास.

चाळीत पाणी यायचं दुपारी चारला, पाऊण तास. मावशी तेव्हा ड्युटीवर. म्हणून तिची चावी रुपालीकडे असायची, दारामागच्या खिळ्याला. पितळी चावी, लाल दोरा बांधलेली. चारला रुपाली सत्तावीस उघडायची, मावशीचा पिंप भरायची, कुलूप लावायची. रात्री मावशी दारात उभी राहायची. "चावी दी गो, रुपाली." आणि चावी हातात घेता घेता विचारायची, "पाणी भरलंस?" बावीस वर्षं हीच दोन वाक्यं. रुपाली नवी नवरी होऊन आली तेव्हापासून.

मग बिल्डर आला. मीटिंगा झाल्या, त्यात खुर्च्यांवर पुरुष आणि मागे दाराला टेकून बायका. भाडेपावती पुरुषाच्या नावावर, लाइटबिल पुरुषाच्या नावावर, सही पुरुषाची. कपडे कुठे वाळत घालणार, पापड कुठे लाटणार, पोर आजारी पडलं तर हाक कुणाला मारणार, हे कुठल्या नकाशात नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. लक्ष्मीमावशीची पावती तर मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. घरमालकाने कधी बदलून दिली नाही. बिल्डरच्या माणसाने चाळीच्या कमिटीला बाजूला घेऊन सांगितलं, असल्या अर्धवट कागदांच्या खोल्यांमुळे अख्खी फाइल अडकते. एका खोलीपायी एकशे अकरा घरं लटकतील.

सर्वे आला तो एका मंगळवारी, दुपारी चारच्या ठोक्याला. एक पोरगा वही घेऊन, एक कॅमेरा घेऊन आणि एक रंगाचा डबा घेऊन. दारात माणूस उभं करायचं, फोटो काढायचा, दारावर नंबर टाकायचा. सत्तावीसला कुलूप.

रुपाली त्याच वेळी बाहेर आली होती. कमरेला कळशी. मुठीत लाल दोऱ्याची चावी.

"सत्तावीसमध्ये कोण राहतं?" पोराने विचारलं.

कमिटीचा एक माणूस बरोबर होता. तो म्हणाला, "बंदच असते ती. कोणी राहत नाही."

पोराने रुपालीकडे बघितलं. "चावी असते का हो वहिनी कुणाकडे?"

रुपालीने आधी कमिटीच्या माणसाकडे बघितलं. मग विनीतकडे. विनीत दारात उभा होता आणि नुसते डोळे मोठे करून गप्प बस म्हणत होता. चावीचे दात तिच्या तळहातात रुतले होते.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दारावर लाल रंगाने लिहिलं: २७. बंद.

त्या दिवशी तिला सत्तावीस उघडवलं नाही. पाणी आलं आणि गेलं. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मावशी आली, रंग अजून ओला होता त्या दाराकडे बघत राहिली. चावी घेतली. "पाणी भरलंस?"

"आज आलंच नाही मावशी."

एका दिवसात दोन वेळा खोटं बोलली रुपाली.

यादी लागली तेव्हा सत्तावीस त्यात नव्हती. मावशी रजा टाकून टाकून ऑफिसांचे जिने चढली. ही खोली बंद होती, म्हणे. मी कामाला गेले होते, मावशी म्हणे. मग शेजाऱ्यांचं लिहून आणा, म्हणे. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्या चाळीत दिवसाढवळ्या दारं लागली. एवढं होऊनसुद्धा मावशी रोज सकाळी चावी रुपालीकडेच ठेवून जायची. एका शब्दाने विचारलं नाही. निदान शिव्या तरी घालायच्या होत्या तिने.

चाळ खाली करायच्या दिवशीही ती चावी देऊन ड्युटीवर गेली. दुपारी टेंपो लागले. संध्याकाळपर्यंत गेटला पत्रे ठोकून झाले. रुपाली सायनपलीकडे ट्रान्झिट कॅम्पात पोचली, पिशवी उघडली, तर आत चावी. तेव्हा नऊ वाजून गेले होते... आणि मावशी इकडे पत्र्यासमोर उभी.

पुढे कळलं की रे रोडला लाकडाच्या वखारीवर कुणा भाचीकडे पोटमाळ्यावर राहते. तिसऱ्या वर्षी कळलं, गेली. ड्युटीवरच, पेशंटच्या उशाशी खुर्चीत बसल्या बसल्या.

"चावी?" निलेशने विचारलं.

चावी रुपालीकडेच राहिली. फेकायची कशी? दुसऱ्याच्या घराची चावी कुणी फेकतं? टॉवर झाला, ती एकोणिसाव्यावर राहायला आली. इथे खिळा ठोकता येत नाही, भिंती काँक्रीटच्या. तिने ती चावी तांदळाच्या डब्यात, तळाला ठेवली. नवीन घरात पाणी चोवीस तास, आणि बोलायला दिवसभर कुणी नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. इथला पाण्याचा पंप जळला. खाली टँकर आला. रुपाली रात्री कळशी घेऊन उतरली. चांगली गप्पा मारत होती लायनीत, हसत होती, जुने दिवस आले बघा म्हणत होती. कळशी भरली, लिफ्टमध्ये शिरली, एकोणीस दाबलं. लॉबीतल्या घड्याळात नऊ वाजून नऊ मिनिटं झाली होती. ते तिच्या पक्कं लक्षात आहे.

लिफ्ट दोनवर थांबली.

दार उघडलं. पार्किंग. अंधार. तिथले दिवे माहितीयेत ना, माणूस चाललं तरच लागतात.

तिने बटण दाबलं. दार मिटेना.

लांब, पार टोकाचा दिवा लागला.

मग त्याच्या अलीकडचा.

मग त्याच्या अलीकडचा.

माणूस दिसेना. नुसता आवाज... चटक. चटक.

आणि डेटॉलचा वास.

शेवटचा दिवा लागला तो लिफ्टच्या समोरच, उजव्या हाताच्या भिंतीपाशी. आपली चाळ जिथे होती तिथेच हा टॉवर. दुसरा माळा तो दुसरा माळाच. ती भिंत म्हणजे... तुम्हीच समजा.

आवाज भिंतीपाशी थांबला.

"चावी दी गो, रुपाली. पाय मोडले माजे."

कळशी हातातून सुटली. पाणी लिफ्टभर झालं. रुपाली ओरडली नाही. तिला एवढंच कळलं, की हा चावीचा प्रश्न आपल्याला दुसऱ्यांदा आलाय. माहीत नाही म्हणायचं असेल तर आत्ताही म्हणता येईल.

"आणते," ती म्हणाली. "मावशी, आणते. थांबा."

दार मिटलं.

वर विनीत मॅच बघत होता. तिने तांदळाचा डबा जमिनीवर उपडा केला.

"डोकं फिरलं काय तुझं? कुठे चाललीस?"

"चावी द्यायला."

"कुणाची चावी? ए! रुपाली!"

ती गेली होती.

परत दुसरा माळा. सगळे दिवे विझलेले. आणि ती आत चालत गेली... तरी एकही दिवा लागला नाही. जणू चालणारी तीच नव्हती. भिंतीपर्यंत अंधारात गेली. हात पुढे केला.

"मावशी..."

काही नाही.

"मावशी, चावी."

तिच्या हाताला हात लागला. खरखरीत. फिनेलने, साबणाने उकललेला असतो तसा. चावी घेतली गेली.

"पाणी भरलंस?"

रुपालीला रडू फुटलं. "भरलंय... मावशी, भरलंय."

पुन्हा खोटंच. दुसरं काय सांगणार होती?

मग भिंतीवर आवाज आला. पितळ सिमेंटवर घासल्याचा. खर्र... खर्र... वर. खाली. परत वर. अंधारात कुलूप चाचपावं तसा.

"दार गावना नाय गो..."

खर्र...

"हयच होता मा?"

खर्र...

रुपालीने दोन्ही हात भिंतीवर ठेवले. दार दाखवायचं होतं तिला. कुठे दाखवणार? सपाट होती भिंत. इकडून तिकडे सपाट.

"रुपाली... तू तरी सांग गो त्यांका..."

त्यापुढचं तिला आठवत नाही.

मामा थांबले.

"सकाळी वॉचमनला दिसली. भिंतीपाशी बसलेली. तिने मला बोलावून घेतलं आणि दाखवलं."

"काय?"

"भिंतीत चावी. कमरेएवढ्या उंचीवर. पार मुठीपर्यंत आत, काँक्रीटमध्ये, कुलपात घालतात तशी. लाल दोरा लोंबतोय. भोवती ना चीर, ना भोक, ना चुरा. पकडीने ओढली, प्लंबरने हातोडी लावली. हलत नाही. बिल्डरचा सुपरवायझर येऊन वरून रंग मारून गेला. चावी पांढरी झाली फक्त."

"आत काय आहे त्या भिंतीच्या?" अक्षदाने विचारलं.

"काही नाही. भिंतच."

"मग वहिनींनी तुम्हाला का बोलावलं? नवऱ्याला सोडून?"

मामांनी काठीचं रबर फरशीवर घासलं.

"ती म्हणाली, मामा, आता तरी चला आणि सांगा, खोली बंद नव्हती म्हणून." मामांनी घसा साफ केला. "मी गेलो. खोटं नाही सांगत, चार महिने फिरलो. सर्वेची कंपनी गुंडाळली. तो वहीवाला पोरगा कुठला, कुणाला माहीत नाही. ऑफिसात म्हणतात, आजोबा, चाळच नाही तर खोली कुठली, आणि बाईच नाही तर अर्ज कुणाचा? सांगायचं कुणाला? मी तयार आहे... ऐकायला कुणी नाही."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कमिटीचा तो एक माणूस कोण, हे आता कुणी विचारलं नाही.

जिन्याच्या तोंडाशी दिवा होता, त्याच्या वर काळोख. निलेश उठला, दप्तर खांद्याला लावलं, हसायचा प्रयत्न केला. "चला, बघून तर जाऊ. चावीच आहे ना, चावते काय?"

"बघा," मामा म्हणाले. "हात नका लावू. आणि एक बघून ठेवा. ती पहिल्या दिवशी उभी होती. चावी आत घालतो तेव्हा कशी असते, तशी सरळ उभी. होळीला मी बघितली तेव्हा जराशी कलली होती. गणपतीत आणखी."

"म्हणजे?"

"म्हणजे फिरतेय ती. हळूहळू."

"आत्ता कशी आहे?"

गुडघ्यावर हात ठेवून मामा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. मेकॅनिक अजून आला नव्हता. तरी लिफ्ट चालू झाली होती. खाली येत होती. पाच... चार... तीन...

दोनवर थांबली.

लॉबीतल्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. वरून, दुसऱ्या माळ्यावरून, जिन्यातून आवाज आला. जुनं, जड कुलूप उघडतं तेव्हा येतो तसा.

एकदाच.

पोरं सकाळी गेली बघायला. भिंतीत चावी आडवी झाली होती. आणि तिच्याखाली, कोरड्या फरशीवर, उंबऱ्याएवढ्या रुंदीत, कुणीतरी आत्ताच पाय धुऊन आत गेल्यासारखं पाणी होतं.