डावीकडचा ब्रेक

आई शेजारी बसली की गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नसे.

ऋजुताच्या हे लक्षात आलं ते सांगलीहून मिरजेला मावशीकडे जाताना. रस्ता मोकळा होता. तिने पाय दाबला, मोटर नुसती गुरगुरली आणि वेग काही वाढेना. मागून एका डंपरने हॉर्नचा धडाका लावला.

"अगं, घे की पुढे. अंगावर येतोय तो."

"घेतेय गं. गाडीच ऐकत नाहीये."

आईला मावशीच्या दारात उतरवलं आणि तीच गाडी परतीच्या वाटेवर सुतासारखी सरळ झाली.

गाडी नवीकोरी होती. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा बाबांनी काढू दिलं नव्हतं. विजेवरच्या गाड्यांना पूर्वी गिअर नसत. या नव्या जातीला चार होते, चढाला जोर मिळावा आणि लांबच्या प्रवासात बॅटरी वाचावी म्हणून. बाबांना त्याचंच अप्रूप. आयुष्यभर मोटार ट्रेनिंग स्कूल चालवलेल्या माणसाला बिनगिअरची गाडी म्हणजे बिनमिठाची आमटी वाटायची. हौसेने घेतली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत विलासराव खटावकर गेले.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूत छोटे छोटे झटके आधीपासून येत असणार. घरात कुणाच्याच काही लक्षात आलं नाही?"

त्यांनी सहज विचारलं होतं. ऋजुता मात्र तो प्रश्न तेव्हापासून बरोबर घेऊन फिरत होती. बाबांचा चहाचा कप, त्यांची सही, फोनवरचं बोलणं, जिना चढणं, सगळं तिने आठवून आठवून तपासलं होतं. कुठे काही सापडत नव्हतं.

डीलरच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर इरफान मुजावर हसतमुखाने समोर आला. "मॅडम, गाडी ओके आहे. मी स्वतः फिरवून आणली. चारही गिअर लोण्यासारखे पडतात."

"तुम्ही एकटेच होतात का?"

"गाडी चालवायला किती माणसं लागतात, मॅडम?"

"शेजारी कुणी बसलं तरच बिघडते ती."

इरफानने मान तिरकी केली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची त्याला सवय होती, पण ही तऱ्हा नवी होती. "मग सवयपेटी असणार," तो म्हणाला. गिअरबॉक्सला जोडलेली ती एक छोटी पेटी. चालक कुठे वेग घेतो, कुठे पाय काढतो, हे ती शिकत जाते आणि त्याच्या मनातला गिअर आधीच तयार ठेवते. किल्ली अजून बाबांचीच होती, त्यामुळे गाडीच्या लेखी चालकही तेच होते.

"पुसून देतो. वॉरंटीत बसतं. गाडी अगदी कोरी होऊन जाईल."

"पुसून म्हणजे?"

"म्हणजे सरांनी तिला जे जे शिकवलं, ते सगळं जातं." तो थोडा घुटमळला. "मीही सरांकडेच शिकलो, मॅडम. निम्मी सांगली त्यांच्याच हाताखालून गेलीय."

"पुसायच्या आधी काय शिकवलंय ते बघता येईल?"

"तशी पद्धत नाही आमच्यात." मग त्याने इकडेतिकडे बघितलं. "पण चला."

वर्कशॉपमधला पाण्याचा भरलेला जार त्याने उचलून डाव्या सीटवर ठेवला. "पट्टा बांधा त्याला, नाहीतर गाडी बोंब मारेल." ऋजुता मागे बसली, तिच्या खाली प्लॅस्टिक करकरलं. इरफानने गाडी बाहेर काढली. दुसरा गिअर पडला आणि तिथेच राहिला. त्याने पाय दाबला, लीव्हर हलवला, गाडीला काका-मामा केलं. तिसरा काही पडेना. थांबून त्याने जार मागे ऋजुताच्या पायाशी ठेवला, तशी गाडी चटकन वेगात आली.

"हिला जार म्हणजे पाहुणा वाटतोय!" तो म्हणाला, आणि ऋजुताला हसू आलं. किती तरी दिवसांनी.

परत आल्यावर इरफानने टॅब्लेट जोडला. सुरुवातीला तो मोठ्याने वाचत होता. मग मनातल्या मनात वाचू लागला.

"काय आहे?"

"पाऊल-विलंब म्हणतात याला. पुढे काही आडवं आल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत जाणारा वेळ. गाडी घेतली तेव्हा सरांचा माझ्याहूनही कमी होता. दिवाळीनंतर वाढत गेलाय. बराच."

ऋजुताने खुर्ची ओढून घेतली. "मग त्यांनी कधी कुणाला साधं घासलंही कसं नाही?"

"कारण तेवढा वेळ गाडी भरून काढत होती. सरांचा पाय यायच्या आधीच ती अलगद ब्रेक धरायची. माणसाला वाटावं, आपणच धरला."

"आणि सांगायची नाही कुणाला?"

"कुणाला सांगणार? गाडीने आपल्याला म्हातारं म्हटलेलं कुणाला आवडेल, मॅडम?"

म्हणजे खूण होती. रोज उमटत होती आणि गाडी ती रोज पुसत होती. इतक्या मायेने, की घरातल्या मुलीलाही पत्ता लागू नये. ऋजुताला समोरच्या त्या चकचकीत गाडीचा राग आला. मग तिला मूळ तक्रार आठवली.

"आणि दुसरा गिअर? तोही गाडीनेच ठरवला?"

इरफानने बोटाने पडदा मागेपुढे केला. "नाही. हे सरांचं आहे. शेजारी कुणी असलं की वेग वाढू नये म्हणून लीव्हर हाताने दुसऱ्यात अडकवून ठेवायचे. एकटे असले की नाही. इतक्यांदा केलं, की पेटीने त्याचा नियमच बनवला."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतरच."

"पण आपला पाय उशिरा पडतोय हे त्यांना कळलं कसं? तुम्हीच म्हणताय, माणसाला वाटतं आपणच ब्रेक धरला."

इरफानने टॅब्लेट खाली ठेवला. "शिकत होतो तेव्हाची गोष्ट. विश्रामबागच्या चौकात एक रिक्षा अचानक आडवी आली. मी अशी गाडी थांबवली की काय सांगू! सर म्हणाले, शाब्बास. घरी जाऊन अम्मीला सांगितलं, मोहल्ल्यात सांगितलं. पुढे कधीतरी मी पुतण्याला शिकवायला बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी डावीकडेही ब्रेक असतो. तो सरांनी दाबला होता. पोराचा धीर जाऊ नये म्हणून अलगद, कळू न देता." तो गाडीकडे बघत राहिला. "लोकांच्या पायाखाली स्वतःचा पाय ठेवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते आपल्या पायाखालचा दुसऱ्याचा पाय ओळखणार नाहीत?"

त्याने टॅब्लेट पुन्हा उचलला.

"पुसू आता?"

"उद्या आणते," ती म्हणाली.

संध्याकाळी ती आईला मिरजेहून आणायला गेली. येताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रमतगमत चालली. मागून हॉर्न वाजत होते. ऋजुताने या वेळी पाय दाबून पाहिला नाही.

"हे असंच चालवायचे अलीकडे," आई म्हणाली. "मी म्हणायचे, यापेक्षा बैलगाडी बरी."

"मग बाबा काय म्हणायचे?"

"म्हणायचे, बरं आहे ना. तेवढाच तुझ्याशी बोलायला वेळ मिळतो." आई खिडकीबाहेर बघू लागली. "मला खरं वाटायचं ते."

दुसऱ्या दिवशी इरफानने पेटी पुसली. काम थोडक्यात आटोपलं. पडद्यावर बाबांच्या नावाच्या जागी ऋजुताचं नाव उमटलं आणि खाली एक नवा प्रश्न आला: चालकाच्या सवयीत चिंताजनक बदल दिसल्यास कुणाला कळवावे?

"नव्या आवृत्तीत आलंय हे," खिडकीशी वाकून इरफान म्हणाला. "रिकामं सोडलं तरी चालतं. बहुतेक लोक सोडतात."

रात्रभर ऋजुता बाबांशी मनातल्या मनात भांडली होती. एक शब्द बोलला असतात तर डॉक्टरकडे गेलो असतो. आता बोट पडद्याजवळ नेताना तिला वाटलं, हा प्रश्न तर सोपाच आहे. आईचं नाव लिहायचं. दुसरं आहे कोण? पण मग एखाद्या सकाळी तो निरोप आईच्याच फोनवर येणार. आई तो चष्मा लावून वाचणार, पुन्हा वाचणार, आणि स्वयंपाकघरात एकटी उभी राहणार.

रिकाम्या चौकटीत एक बारीक रेघ लुकलुकत होती. डाव्या सीटवर आई पट्टा बांधून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान पुढे काढून पडद्याकडे पाहिलं.

"काय विचारतेय गं ती तुला?"