मामांच्या बैठका

"दोन तांबं दूध, वर चार अंडी… ह्या वयात ह्यांस्नी कुठला फड मारायचाय कुणास ठावं," चंद्राबाई रिकाम्या पातेल्यात बघत पुटपुटल्या. शेजारी भाकरी थापणाऱ्या सुनेच्या कानात पडेल एवढ्याच आवाजात. पण सुनेशी बोलल्या असं काही म्हणता येणार नव्हतं. गेली चार वर्षं त्या क्रांतीशी असंच बोलत… भांड्याकडं, चुलीकडं, म्हशीकडं बघून.

क्रांतीनं तव्यावरची भाकरी उलटली. सासरे, आकाराममामा, रोज सकाळी बेदाण्याच्या शेडमागं बैठका मारतात हे तिनं पाहिलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी! दर बैठकीला गुडघा कटकन वाजायचा, तरी माणूस थांबायचा नाही. मिरजेच्या एका दवाखान्यात स्टेम सेलपासून गेलेला स्नायू पुन्हा वाढवायचा प्रयोग सुरू होता, आणि वीरधवलला, तिच्या नवऱ्याला, तपासणीसाठी बोलावणं आलं होतं. किडनी देतात तसं घरच्याला मांस द्यावं लागतं, असं पारावर कुणीतरी सांगितलं, आणि मामांनी मनाशी ठरवून टाकलं… द्यायचंच तर कसदार द्यायचं.

चार वर्षांपूर्वी तासगावच्या त्यांच्या द्राक्षबागेत, ट्रॅक्टरमागच्या, माती भुसभुशीत करणाऱ्या रोटरमध्ये अडकलेलं तण काढायला वीरधवल वाकला होता, आणि रोटर फिरला. उजव्या मांडीचं मांस पात्यांनी ओरबाडून नेलं. पाय राहिला, पायातला जोर गेला. माणसं धावत आली, ट्रॅक्टरवर कोण होतं म्हणून ओरडू लागली, तेव्हा क्रांती बोलून गेली… माझा हात लागला लिव्हरला.

रोटर चालू करायचा लिव्हर ओढला होता मामांनी. पण बाग ठेवायची की काढायची यावरून त्याच सकाळी बापलेकांचं असं जुंपलं होतं की अर्ध्या वस्तीनं ऐकलं होतं. खरं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बापानं रागानं लेकाला पात्यात घातलं… आणि एखाद्या दिवशी लेकालाही ते पटलं असतं. मामा भुईवर दातखीळ बसल्यासारखे पडले होते. दोन दिवसांनी सावरतील, स्वतःच बोलतील, असं तिला वाटलं होतं. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. मामा पुन्हा कधी ट्रॅक्टरवर चढले नाहीत, आणि का चढत नाहीत हे घरात कुणी विचारलं नाही. वीरधवलनं मात्र त्या दिवसापासून बायकोला पायाला हात लावू दिला नव्हता.

मिरजेला चौघंही गेले. डॉक्टरीणबाई मांडी तपासून बोलायला लागल्या, तोच मामांनी धोतर वर सारून आपली मांडी पुढं केली. लागेल तेवढं घ्या, म्हणाले.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी समजावलं, की दुसऱ्याचा स्नायू, बापाचा असला तरी, शरीर सहजी आपला म्हणत नाही. वीरधवलच्याच धड मांडीतून शेंगदाण्याएवढा तुकडा घ्यायचा. द्राक्षाच्या काडीवर निजलेले डोळे असतात ना, छाटणी झाली की फुटणारे, तशा स्नायूतही मूळ पेशी निजलेल्या असतात. त्या बाहेर वाढवायच्या आणि सुईनं दुखऱ्या मांडीत सोडायच्या. खात्री कुणी देत नाही, प्रयोग आहे.

मामांनी धोतर सावकाश खाली सोडलं… महिन्याभराच्या बैठका त्या खोलीत कुणाच्याच कामाच्या राहिल्या नाहीत.

"सुईनं काम अर्धंच होतं," बाई म्हणाल्या. "पुढं सहा महिने रोज दोनदा हा पाय ताणून घ्यावा लागेल, नाहीतर स्नायूच्या जागी नुसता वण भरेल. घरचं माणूस हवं, आम्ही शिकवू. कोण करणार?"

चंद्राबाईंची बोटं वातानं वाकडी झालेली. मामांचे हात कापत होते.

"मी करीन," क्रांती म्हणाली.

"हिचा हात नको," वीरधवल हळूच म्हणाला. ओरडला असता तर तिला कमी लागलं असतं.

मग मला तुम्हाला यात घेता येणार नाही, बाईंनी स्पष्ट सांगितलं. बाहेर आणखी पेशंट बसलेत, काय ते आत्ताच ठरवा. चंद्राबाईंनी चार वर्षांत पहिल्यांदा सुनेच्या तोंडाकडं बघितलं. "येकदा वाटोळं क्येलंस त्याचं, आता तरी बाजूला व्हय," त्या म्हणाल्या.

क्रांतीच्या जिभेच्या टोकावर चार वर्षं येऊन उभी राहिली. ती मामांकडं मुद्दाम बघत नव्हती. बघणं म्हणजे मागणं झालं असतं. वीरधवलनं कुबडी काखेत घेतली, उठला, दाराकडं वळला… हा पाय आता असाच जाणार, हे तिला त्या पाठमोऱ्या खांद्यांवरून कळलं.

मामा आडवे आले. दारात, लेकाच्या पायाशी, मटकन बसले आणि ती वाळलेली मांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"ही टॅक्टरवर नव्हतीच, वीरू. बांधावर हुती, भाकरी घिऊन. लिव्हर म्या वडला… तुझ्यावर रागात हुतो, मागं बघितलंच न्हाई."