पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती

“अहो, दार उघडा!”

बसच्या काचेवर मी पाचव्यांदा मूठ आपटली. दक्षिणेतल्या आमच्या अंतेकेरा गावातला फेब्रुवारीचा पाऊस असा आडवा कोसळत होता की माझी छत्री उलटी होऊन केव्हाच कामातून गेली होती. डॉल्मेनच्या, म्हणजे आमच्या गावाच्या वेशीवरच्या सहा हजार वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्यांच्या, स्वागतकक्षात पार उत्तरेतल्या बुर्गोसहून आलेले बेचाळीस पेन्शनर दाटीवाटीनं उभे होते. त्यातल्या एका आजोबांची रक्तदाबाची गोळी बसमध्ये राहिली होती. आणि आत चालक महाशय सीट मागे टेकवून, डोळे मिटून, आरामात पसरले होते.

त्यानं एक डोळा उघडला. खिडकीची काच दोन बोटं सरकवली.

“एकोणीस मिनिटं,” तो म्हणाला.

“कसली एकोणीस मिनिटं?”

“माझी विश्रांती संपायला. तोलेदोहून साडेचार तास सलग चालवलीय. आता पंचेचाळीस मिनिटं काही काम करायचं नाही. कायदा आहे. हे यंत्र सगळं नोंदवतं.”

“दार उघडणं हे काम?”

“प्रवाशांसाठी उघडणं… हो, कामच.”

“आणि मी इथे भिजतेय, ते काय?”

त्यानं मनापासून विचार केला. “ते तुमचं काम.”

मी गाइड आहे. नऊ वर्षांत शाळेच्या सहली, नवविवाहित जोडपी, अगदी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकसुद्धा सांभाळले, पण असा माणूस पाहिला नव्हता. मी तोंडाला आलेलं सगळं बोलून घेतलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं, मग उठून मागच्या सीटवरून गोळ्यांची डबी शोधून आणली आणि काचेतून माझ्या हातात ठेवली. पाठोपाठ स्वतःची काळी छत्रीही सरकवली.

“हे कामात धरत नाहीत का?” मी विचारलं.

“तुम्ही कुठे प्रवासी आहात?” तो म्हणाला, आणि काच बंद केली.

त्याचं नाव फ्रोइलान. वय चौतीस. ही माहिती मी काढली नाही, आमच्या पार्किंगचे रखवालदार सेबास्तियान काका यांनी न विचारता पुरवली. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला तो नवे पेन्शनर घेऊन यायचा. इथे पंचेचाळीस मिनिटं थांबायचं, मग त्यांना वर किल्ल्यावर न्यायचं, मग खाली समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलात. छत्री परत द्यायला मी दुसऱ्या गुरुवारी गेले, तेव्हा तो बसबाहेर उभा राहून आमच्या गावचा मऊ मोयेते पाव ऑलिव्ह तेलात बुडवून खात होता.

“पाव बरा आहे,” तो म्हणाला.

“बरा? अहो, या पावासाठी लोक मालागाहून येतात.”

“येत असतील. तिथे करण्यासारखं दुसरं काय आहे?”

माझं डोकं फिरलं. “तुम्ही आमचं मेंगा, हे सगळ्यात मोठं थडगं, आतून पाहिलंय का? छताचा एकच दगड दीडशे टनांचा! ना चाक, ना बैल, आणि माणसांनी तो टेकडीवर चढवला.”

“आमच्या बुर्गोसजवळ आठ लाख वर्षांपूर्वीची माणसं सापडलीत,” तो तेल पुसत म्हणाला. “तुमची सहा हजारांची म्हणजे… कालचीच की.”

“आठ लाख वर्षांपूर्वीची! आणि त्यांनी बांधलं काय? थंडीनं कुडकुडत गुहेत बसून राहिले. तुमच्याकडे अजून तेच चालतं ना? नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक?”

तो हसला. पहिल्यांदाच. उजव्या गालावर खळी पडते हे मला तेव्हा दिसलं आणि मला स्वतःचाच राग आला.

त्यानंतर तो माझ्या टोळीच्या मागे मागे मेंगात यायला लागला. विश्रांतीत कुठे जावं याला कायद्याची बंदी नाही म्हणे. आतल्या गारव्यात मी पेन्शनरांना दारातून समोर दिसणारा कडा दाखवते. आकाशाकडे तोंड करून झोपलेल्या माणसासारखा दिसतो तो. त्यावरून उडी मारलेल्या प्रेमिकांची गोष्ट मी आठवड्यातून नऊ वेळा सांगते. बायका डोळे टिपतात, पुरुष घसा खाकरतात. आणि हा मागून हात वर करतो!

“उडी मारण्याआधी त्यांनी घरच्यांशी एकदा नीट बोलून पाहिलं होतं का?”

“फ्रोइलान, ही गोष्ट आहे.”

“नाही, मी आपलं विचारतोय. बरीच प्रकरणं नुसत्या बोलण्यानं मिटतात.”

हे कोण सांगतंय पाहा! हा काही बोलेल म्हणून मार्चभर मी वाट पाहिली. ‘अहो’चं ‘अरे’ झालं, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. त्यानं बुर्गोसची भात घातलेली मोर्सिया आणली. ते रक्ताचं सॉसेज आईनं तळलं, खाल्लं आणि विचारलं, “हा गाडीवाला मोर्सियाच देत राहणार आहे, की काही बोलणारपण आहे?” मी म्हटलं, आई, तुझं काहीतरीच. पण गुरुवारी मी कानात मोत्याचे डूल घालायला लागले होते. एकदा मेंगाच्या अरुंद वाटेत माझा पाय घसरला, तेव्हा त्यानं माझं कोपर धरलं. सोडायला हवं होतं त्याहून जरा उशिरा सोडलं. मी श्वास रोखून उभी. आता बोलेल…

“बुटांचे तळवे झिजलेत तुझे,” तो म्हणाला. “बदल.”

मी हात टेकले. दगडाला पाझर फुटेल, पण हा बाबा ढिम्म. आणि सगळ्यात वैतागाची गोष्ट ही, की शुक्रवार उजाडला की मी पुढचा गुरुवार मोजायला लागायचे.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी तो बसमधून उतरला आणि टायरला लाथ मारून हवा बघत सहज म्हणाला, “आजची शेवटची फेरी. सोमवारपासून मला गॅलिसियाच्या रस्त्यावर टाकलंय.”

“गॅलिसिया?” देशाचं दुसरं टोक. “कायमचं?”

“म्हणजे… हो. बहुतेक.”

“तुला कधी कळलं?”

“पंधरा दिवस झाले.”

पंधरा दिवस! मधला एक अख्खा गुरुवार हा माणूस माझ्यासमोर पाव खात उभा होता. त्या दिवशी मी पेन्शनरांना मेंगातून असं पळवलं की एउलालिया नावाच्या एक आजी धापा टाकत म्हणाल्या, “पोरी, सहा हजार वर्षं थांबलेत हे दगड, अजून पाच मिनिटं थांबतील.”

बाहेर येऊन पाहिलं, तर विश्रांतीची बारा मिनिटं उरली होती. मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आज ऊन होतं, वाऱ्यावर जवळच्या बागेतल्या संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. माणसानं बोलायला याहून अधिक काय लागतं?

“मागचा डावा टायर लवकर झिजतोय,” तो म्हणाला.

“हो का.”

“अलाइनमेंट… बघावं लागेल.”

“बघ.”

दहा मिनिटं. आठ. सहा. तेवढ्यात सेबास्तियान काकांनी शिट्टी मारली. “ए बुर्गोस! शाळेची बस आलीय, जागा दे. पलीकडच्या टोकाला लाव!”

फ्रोइलान चढला, बस पलीकडे नेऊन लावली, आणि उतरून म्हणाला, “गेली.”

“काय गेलं?”

“विश्रांती. मधे गाडी हलली की मोडते. आता पुन्हा पहिल्यापासून पंचेचाळीस.”

“फ्रोइलान, किल्ल्याचं दार सहाला बंद होतं!”

“कायदा…”

“खड्ड्यात गेला तुझा कायदा!”

बाकांवर बसलेल्या पेन्शनरांमध्ये कुजबुज झाली. आणखी पंचेचाळीस मिनिटं मिळाली होती, आणि तेवढ्या वेळात त्यानं मला इंधनाचा खप, गॅलिसियातलं धुकं आणि तिथल्या ऑक्टोपसच्या किमती सांगितल्या. मी ऐकत होते आणि मनात शिव्या देत होते. त्याला की मला, ते ठाऊक नाही. पाच मिनिटं उरली तेव्हा मी पेन्शनरांना उठवलं. “चला, बॅगा घ्या. निघायचं.”

आणि बस सुरू झाली.

दार बंद. आत एकटा फ्रोइलान. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसनं संथपणे पार्किंगला पूर्ण फेरी मारली. कचरापेटीपाशी वळली, शाळेच्या बसला वळसा घातला आणि जिथून निघाली होती नेमक्या त्याच जागी परत येऊन थांबली. इंजिन बंद झालं.

“मी काही सांगितलं नव्हतं हं,” सेबास्तियान काकांनी दोन्ही हात वर केले.

एउलालिया आजींनी बॅग पुन्हा बाकावर ठेवली. “या पोराला काय झालंय? डोक्यावर परिणाम, की प्रेमात पडलाय?”

मी तरातरा गेले. तो खाली उतरून उभा होता. कान लालबुंद.

“कुणी सांगितलं होतं गाडी हलवायला?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मला अजून… पंचेचाळीस मिनिटं हवी होती.” तो माझ्या बुटांकडे बघत म्हणाला. “पहिली टायरवर घालवली. दुसरी ऑक्टोपसवर. मला वाटलं, तिसऱ्या वेळी तरी…”

“मग बोल ना! आता बोल!”

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी थांबले, खरंच थांबले. मग माझा बांध फुटला.

“मला तू आवडतोस!” मी ओरडले. शाळेच्या बसमधली पोरं खिडकीशी जमली. “मला तू भयंकर आवडतोस, आणि याचा मला इतका वैताग आलाय की काय सांगू! दर गुरुवारी डूल घालते. मोर्सिया मला मुळीच आवडत नाही, तरी खाते. आणि तू मला टायर दाखवतोस!”

मग त्यानं माझा हात धरला. या वेळी सोडला नाही. हाताला डिझेलचा वास होता.

“रेमेदियोस,” तो म्हणाला, “पंधरा दिवस मी हेच पाठ करतोय. गाडी चालवताना मनातल्या मनात म्हणतो. तोलेदोपासून इथपर्यंत अगदी नीट जमतं. तुझ्यासमोर आलो की एक शब्द फुटत नाही. मला तू हवी आहेस. बाकी काहीच नको.”

मागे टाळ्या सुरू झाल्या. मी वळून त्यांच्यावर डोळे वटारले, पण पेन्शनर कुणाच्या बापाला भीत नाहीत.

किल्ला त्या दिवशी कुणालाच आतून बघायला मिळाला नाही. पावणेसहाला निघालेल्या बसमधून मी तो खालूनच दाखवला, आणि कुणी तक्रार केली नाही. गावातल्या चौकात मी उतरले. फ्रोइलान दारापर्यंत आला.

“सप्टेंबरात विएराच्या थडग्यात उगवतीचा सूर्य थेट आत शिरतो, असं तू सांगतेस ना?” तो म्हणाला. “मी रजा काढतो. तेव्हा येईन, नक्की.”

सप्टेंबर! मी कपाळाला हात लावला.

“फ्रोइलान, सूर्याचं सूर्य बघून घेईल. तू रविवारी ये.”

“या रविवारी? पण सोमवारी सकाळी मला…”

“आगगाडीनं ये, रात्री परत जा. आणि जेवायला ये. आई विचारेल ते सगळं सांग, फक्त टायरचं नको.”

तो पायरीवर थबकला. मागे पेन्शनर हॉर्न वाजव म्हणून ओरडत होते.

“किती वाजता?” त्यानं विचारलं.