प्लास्टरचं पोर

जवळ सरका, आणि त्या दाराला कडी घाला. मधेच कुणी पाणी प्यायला उठायचं नाही. ही गोष्ट रेणुकादास मास्तरांची. नांदेडच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, आणि उतारवयात आमच्या शेजारी राहायचे. त्यांनी ती मला एकदाच सांगितली, तीही भरदुपारी, चार माणसांत बसून. रात्री सांगायची त्यांची छाती नव्हती. माझी आहे, हे तुमचं नशीब.

फसली तेराशे सत्तेचाळीसचं साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस. निजामाचं राज्य. त्या थंडीत हैदराबादेत विलायती कलेची नुमाइश भरली होती. दिवसा चित्रं आणि पुतळे, संध्याकाळी भाषणं, रात्री पियानो. मास्तरांची बायको सौदामिनी नुकतीच बाळंत झाली होती. लेक सुखरूप झाली म्हणून मास्तर मोकळ्या मनानं हैदराबादला गेले. तिथं एका युरोपियन मडमेचं भाषण झालं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये साचा घेतात, म्हणाली, म्हणजे तो चेहरा घरात राहतो. सगळ्या सभेनं मान डोलावली. मास्तरांनीही डोलावली. मोठ्या लोकांत बसलं की मान आपोआप डोलते.

नुमाइश आटोपल्यावर भरवणाऱ्या मंडळींनी तिथली एक लाकडी पेटी नांदेडच्या शाळेत मांडायला मास्तरांच्या हवाली केली. काचीगुडा स्टेशनापासून गाडीत ती पेटी पायाशी धरून ते नांदेडला उतरले, ते नेमके बारशाच्या दिवशी. शाळेला कुलूप होतं, म्हणून पेटी घरी आली.

"काय आणलंस रे दासा?" उमाबाईनं विचारलं. ही मास्तरांची थोरली बहीण, अर्धापूरहून बारशासाठी आलेली.

"बाहुली हाय अक्का. विलायती."

खरं सांगितलं असतं तर अक्कानं पेटीसकट मास्तरांना घराबाहेर काढलं असतं, आणि तिचं काही चुकलं नसतं. कारण या घरातली आधीची दोन बाळं महिन्याच्या आतच गेली होती. दोन्ही वेळा मास्तरांनी आपल्या हातानं गोदावरीकाठी खड्डा खणला होता. ही तिसरी तरी जगावी, एवढंच त्या घराला देवाकडं मागायचं होतं.

ती रात्र मार्गशीर्ष वद्य दशमीची, सोमवारची. दिवे लागले, बायका जमल्या. मास्तर ओसरीवर पुरुषमंडळींना हैदराबादच्या गमती रंगवून सांगत होते. आत पाळणा म्हणणं चाललं होतं. मधेच बायका खळखळून हसल्या. इतकं काय झालं म्हणून मास्तर दारात जाऊन उभे राहिले.

तुम्हाला ठाऊकच आहे, बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात आणि पाळण्याच्या खालून-वरून 'घ्या, घ्या' करत फिरवतात. त्या दिवशी उमाबाईच्या हातात वरवंटा नव्हता. कुंचीत एक पांढरा चेहरा होता. डोळे मिटलेलं, उशीवर निजलेलं पोर.

"अरे, इतकी गोड बाहुली घरात असून दगड कशाला फिरवायचा?" अक्का म्हणाली. "लई शहाणी हाय. रडत न्हाई की काही न्हाई."

इतक्या बायकांसमोर मास्तरांनी काय सांगायचं? तोवर अक्कानं लेकीच्या कानात नाव सांगितलं. इंदू. मग सगळ्यांना हसवायला म्हणून ती त्या पांढऱ्या कानाशी वाकली.

"आणि तूपण इंदू."

पाहुणे गेले. मास्तरांनी ते पोर उचललं, पेटीत ठेवलं, झाकणाला खिळे ठोकले. पेटी ओसरीवर नेली. दार लावून घेतलं.

मध्यरात्र उलटली असेल. सौदामिनी उठून पाळण्याशी गेली.

"इंदू... उठ गं, दूध पी."

कुईं, असा बारीक आवाज आला.

पाळण्यातून नाही. ओसरीवरून.

मास्तर अंथरुणात ताठ झाले. सौदामिनीनं पुन्हा हाक मारली. पुन्हा तो आवाज... या वेळी दाराच्या अगदी जवळ. मास्तरांनी कंदील पाळण्यावर धरला. लेकीचे डोळे उघडे होते. ती रडत नव्हती. अंग गार पडत चाललं होतं. ओठ पांढरे...

"इंदू! अगं इंदू!"

"हाक मारू नकोस!" मास्तर ओरडले. "ती हाक हिला पोचून राहिली न्हाई!"

उमाबाई धावत आली. मग मास्तरांनी सगळं सांगितलं. तो चेहरा एका मेलेल्या विलायती पोराचा, तो प्लास्टरमध्ये कसा घेतात, आणि आपण बाहुली का म्हणालो. ते सांगताना त्यांना बहिणीकडं पाहवेना. अक्कानं लेकीला सौदामिनीच्या कुशीत दिलं आणि आपल्या तोंडावर पदर धरला.

"मीच नाव दिलं रे तिला... आता ती आपली झाली. आपल्या लेकरासारखीच पोचव तिला."

मास्तरांनी पेटी फोडली. हैदराबादला काय उत्तर द्यायचं, हा विचार त्यांना शिवलासुद्धा नाही. ते पोर कुंचीसकट छातीशी धरलं, खिशात मीठ भरलं, कुदळ घेतली. नदीची वाट. चंद्र नुकता वर येत होता. अर्ध्या वाटेवर त्यांना जाणवलं...

छातीशी ऊब लागत होती.

त्यांनी खाली पाहिलं नाही. चालत राहिले. आधीच्या दोघांच्या शेजारी खड्डा खणला. मीठ घातलं. तिला खाली ठेवलं. माती लोटली. एक ओंजळ. दुसरी.

मातीखाली कुणीतरी हुंदका दिला.

मास्तरांचे हात थांबले. तसा हुंदका त्यांनी याआधी दोनदा ऐकला होता, स्वतःच्या घरात, आधीच्या दोन्ही बाळांचा शेवटचा. ते मोठ्यानं रडले. रडत रडतच माती भरली, वर दगड ठेवला आणि मागं न बघता निघाले.

घराशी आले तर आतून लेकीचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, भुकेचं. मास्तर तिथंच उंबऱ्यावर बसले, देवाला हात जोडले. आत अक्का दमून भिंतीशी झोपली होती. हळूहळू रडणं थांबलं. मास्तर पाय धुऊन आत गेले.

सौदामिनी लोडाला टेकून बसली होती, अर्धवट झोपेत. डाव्या कुशीत लेक गाढ झोपलेली. गाल लाल, अंग गरम. जिवंत. मास्तरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"हळू..." सौदामिनी डोळे न उघडता पुटपुटली. "दोघी आत्ताच निजल्यात..."

मास्तरांनी कंदील वर केला.

उजव्या बाजूला कुशीत कुणी नव्हतं. पण तिकडची चोळी दुधानं भिजली होती. आणि त्या ओल्या कापडावर पांढऱ्या भुकटीचा ठसा होता.

इवल्याशा तोंडाचा.